ओतीव

भिंगवाल्यांचं खरं नाव त्या रस्त्यावर कुणाला आठवत नव्हतं. गळ्यात काळ्या दोरीला लटकवलेलं भिंग ते भाजी आणायला जातानाही काढत नसत, म्हणून ते भिंगवाले. मटारची शेंगसुद्धा भिंगातून बघून घेतात, असं भाजीवाली सगळ्यांना सांगायची. जुनी नाणी आणि पदकं ओळखायची, त्यांची किंमत सांगायची, ती जपायची कशी ते समजावायचं, हा त्यांचा धंदा. छत्तीस वर्षं एकाच खोलीत, एकाच टेबलामागे. आता साठी आली होती आणि त्यांनी एकदा सांगितलं की पुढे कुणी विचारत नसे.

एका सोमवारी सकाळी एक बाई दुकानात आली. चाळिशीची असेल. स्वेटरवर इस्पितळाचा बिल्ला तसाच राहिलेला, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. तिनं पिशवीतून एक जुनं प्लॅस्टिकचं पाकीट काढलं, बसचा पास ठेवतात तसलं, आणि टेबलावर ठेवलं.

"विकायचं नाहीये," ती म्हणाली. "म्हणजे विकण्यासारखं काही नाहीच. नाणं नकली आहे, ते ठाऊक आहे मला. पण चांदी खरी आहे म्हणतात. वितळवली तर मुलीसाठी साधी अंगठी होईल का, एवढंच सांगा."

पाकीट पिवळं पडून आतल्या नाण्याला चिकटलं होतं. तिनं नख घालून ते सोडवलं. नाण्यावर हिरवट, चिकट लेप चढला होता. तो पुसायला तिनं स्वेटरची बाही ओढली, तशी भिंगवाले जवळजवळ ओरडलेच.

"अहो, पुसू नका!"

ती दचकली.

"माफ करा," ते म्हणाले. "चांदी घासली की तिचा वरचा थर निघून जातो. दोनशे वर्षांचा रंग दोन मिनिटांत उतरतो आणि परत येत नाही. लोक टूथपेस्ट लावतात, राख लावतात, चकचकीत करून आणतात आणि मला विचारतात, आता किती येतील? मी सांगतो, कालपर्यंत जास्त आले असते."

"पण हे नकलीच आहे ना."

"असू दे. नकली असो नाहीतर असली, माझ्या टेबलावर नाणं पुसायचं नाही. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट समजा."

ती थोडीशी हसली आणि खुर्चीवर टेकली. भिंगवाल्यांनी खिडकी उघडली, काचेच्या वाटीत अ‍ॅसिटोन ओतलं आणि नाणं कडांना धरून अलगद आत सोडलं. हिरवा लेप चांदीचा नव्हता, पाकिटाचा होता. तसलं मऊ प्लॅस्टिक वर्षानुवर्षं पाझरतं आणि नाण्याला खातं. अ‍ॅसिटोन तेवढा चिकटा विरघळवतं, चांदीला हात लावत नाही.

"वास येईल जरा."

"आमच्याकडे याहून वाईट वास असतात. मी एक्स-रे काढते."

वाटीवर झाकण ठेवून ते समोर बसले. "कुठून आलं हे तुमच्याकडे?" नाण्याचा इतिहास विचारणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता.

"बाबांचं. महिना झाला, गेले ते." ती बोलत राहिली. जागरण झालेली माणसं बोलतात तशी, समोरच्याकडे न बघता. "त्याआधी आजोबांचं. आजोबा गेल्यावर घर थोरल्या काकांकडे गेलं, कारण आजी त्यांच्याजवळ राहायची. बाबांच्या वाट्याला हे नाणं आलं. आजोबा म्हणायचे, या नाण्यात एक घर येईल. बाबांनी खुशीनं घेतलं. पुढे मला शिकायला पाठवायचं ठरलं तेव्हा ते नाणं कुणाला तरी दाखवायला गेले. त्यानं सांगितलं, नकली आहे, ओतीव आहे. साच्यात ओतून केलेलं. आणि माझे काका कुठे कामाला होते सांगू? छपाईचे, म्हणजे अक्षरांचे, खिळे ओतायच्या कारखान्यात. दिवसभर धातू वितळवून साच्यात ओतायचे. बाबांना आणखी काय पुरावा हवा होता? खरं नाणं दादानं ठेवून घेतलं आणि आपल्याला दुसरं ओतून दिलं. त्या दिवसापासून दोघं बोलले नाहीत. सव्वीस वर्षं. एकाच गावात."

"काका आहेत?"

"आहेत. अंत्यविधीला आले होते. फाटकाच्या बाहेर उभे राहिले आणि तिथूनच परत गेले."

"आणि नकली म्हणून सांगितलं कुणी?"

"कोण जाणे. बाबा त्याचं नाव घेत नसत. नुसतं 'तो शहाणा' म्हणायचे."

भिंगवाल्यांनी चिमट्यानं नाणं उचललं, दुसऱ्या वाटीतल्या स्वच्छ अ‍ॅसिटोनमधून काढलं आणि मऊ कापडावर ठेवून दिलं. पुसलं नाही. ते आपोआप वाळलं. हिरवा लेप गेला होता आणि खालून करडा, शांत रंग वर आला होता. एका बाजूला तीन खिडक्यांचा बुरूज, दुसऱ्या बाजूला धान्याच्या कणसांची जुडी आणि साल.

त्यांनी ते बघताक्षणी ओळखलं. वेढ्यातलं नाणं. एका तटबंदीच्या शहराला शत्रूनं अकरा महिने वेढा घातला होता. सैनिकांना पगार द्यायला पैसा उरला नाही, तेव्हा शहरातल्या लोकांनी घरातले चमचे, समया, पट्ट्यांची बक्कलं आणून दिली. ती वितळवून ही नाणी पाडली गेली. सुरुवातीला चांदीचे पत्रे लाटायचं यंत्र होतं. पत्र्यातून गोल चकत्या कापायच्या आणि त्यांवर ठसा ठोकायचा. मग तोफेचा गोळा यंत्रावर पडला. त्यानंतर कारागिरांनी चकत्या मातीच्या साच्यात ओतल्या आणि ठसा मात्र तोच, हातोड्यानं ठोकला. म्हणून शेवटच्या महिन्यांतल्या नाण्यांच्या कडेवर एक बारीक रेघ असते. साच्याचे दोन भाग जुळले, तिथला सांधा. अशी नाणी फार थोडी राहिली आहेत.

हे सगळं कळून मात्र फक्त अकरा वर्षं झाली होती. एका घराचा पाया खणताना मडकंभर नाणी सापडली, तेव्हा उलगडा झाला. त्याआधी कडेवर सांधा दिसला की जगातला कुठलाही जाणकार एकच शब्द बोलायचा.

भिंगवाल्यांनी नाणं आडवं धरलं. सांधा होता. त्यांनी दिवा खाली ओढला आणि प्रकाश तिरका पडेल असा वळवला. आकड्यांच्या पायथ्यापासून कडेकडे पसरत गेलेल्या, केसाहून बारीक रेषा दिसल्या. हातोड्याचा घाव बसला की धातू दबून बाहेर सरकतो, त्याच्या खुणा. साच्यात ओतलेल्या नकलेला त्या कधीच नसतात. नाणं अस्सल होतं. कडेवर एका ठिकाणी कानशीचा खोल ओरखडा होता. आत चांदी आहे की नाही ते कुणीतरी बघितलं होतं.

"हा ओरखडा?"

"बाबांनीच केला, त्या दिवशी घरी आल्यावर. आत चांदीच निघाली, तर आणखी चिडले. म्हणाले, बघा, चोरी लपवायला चांदी वापरायलाही मागेपुढे पाहिलं नाही." तिनं मान हलवली. "तसे तापट नव्हते हो. पुलाला रंग द्यायचे. नदीवरच्या लोखंडी पुलाला. या टोकापासून सुरू करायचं, त्या टोकाला पोचेपर्यंत इकडचा रंग उडालेला असायचा. जन्मभर एकच पूल रंगवला, असं स्वतःच सांगून हसायचे."

भिंगवाल्यांनी नाणं कापडावर ठेवलं.

ते उठले. मागच्या कपाटात त्यांच्या जुन्या वह्या होत्या. त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक नाण्याचं वजन, माप आणि निकाल त्यांत होता. सव्वीस वर्षांपूर्वीची वही काढायला वेळ लागला नाही. पान सापडायलाही नाही. तरुणपणचं त्यांचं अक्षर टोकदार होतं. 'बुरूज आणि कणसं. वजन थोडं कमी. कडेला सांधा. ओतीव. नकली.' आणि खाली, लहान अक्षरात, 'पुलावरचा रंगारी'.

त्यांना तो माणूस आठवला. नखांत हिरवा रंग होता. टोपी हातात धरून उभा होता. दुकानात तेव्हा तीन गिऱ्हाईकं होती, आणि चौतिशीच्या भिंगवाल्यांनी नाणं टेबलावर टाकून मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "ओतीव आहे हे. कुणीतरी टोपी घातली तुम्हाला." तिघं हसले होते. दिवा त्यांनी तिरका केला नव्हता. सांधा दिसल्यावर पुढे बघायची गरजच त्यांना वाटली नव्हती.

ती बाई त्यांच्या पाठीकडे बघत होती. "काय झालं?"

गप्प राहणं किती सोपं आहे, हे भिंगवाल्यांना त्या क्षणी स्पष्ट दिसलं. खोटं बोलावंच लागणार नव्हतं. नाणं काट्यावर ठेवायचं, वजन सांगायचं, अंगठी होईल म्हणायचं. तिनं आभारच मानले असते. संध्याकाळपर्यंत नाणं वितळून गेलं असतं.

त्यांनी वही तिच्यासमोर उघडी ठेवली.

"तो शहाणा मीच," ते म्हणाले.

तिनं पान वाचलं. एकदा, मग पुन्हा.

"हे नाणं अस्सल आहे. मी चुकलो होतो." त्यांनी सांध्याबद्दल सांगितलं, वेढ्याबद्दल सांगितलं, दिवा तिरका करून तिला भिंगातून त्या रेषा दाखवल्या. तिला त्या लगेच दिसल्या. सावल्या वाचायची तिला सवय होती. "तुमच्या काकांनी काहीही बदललं नव्हतं. तुमच्या आजोबांनी दिलं, तेच हे."

ती भिंगापासून मागे झाली. मग तिनं विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

'आत्ता' म्हणायला त्यांचं तोंड उघडलं होतं.

"अकरा वर्षांपूर्वी," ते म्हणाले. "मडकं सापडलं, त्याबद्दल छापून आलं. वाचताना मला तुमचे वडील आठवले. वही काढून बघितली. हेच पान."

"यावर पुलाचं लिहिलंय."

"हो."

"गावात पूल एकच आहे."

"हो."

"म्हणजे तुम्ही एका दुपारी त्यांना शोधू शकला असता."

"शोधू शकलो असतो," ते म्हणाले. "आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलो. मग स्वतःला समजावलं की त्या माणसानं ते नाणं कधीच फेकून दिलं असेल. खरं सांगायचं तर माझा धीर झाला नाही."

"आमच्याकडेही चुका होतात," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "कुणाचा फोटो चुकीचा वाचला जातो. कळलं की आम्ही त्या माणसाला परत बोलावतो. त्याच दिवशी. पाय धरावे लागले तरी बोलावतो. अकरा वर्षांपूर्वी बाबा धडधाकट होते हो. पुलावर चढत होते."

भिंगवाल्यांनी नाणं ओरखड्याच्या बाजूनं वळवलं. ते म्हणाले, "अखंड असतं तर याची किंमत खरंच एका लहान घराइतकी असती. कानशीच्या ओरखड्यानं आता निम्मीसुद्धा राहिली नाही. जो फरक पडला तो मी भरून देतो."

"कशाचा फरक?" तिनं विचारलं आणि उठली. नाणं तिथेच टेबलावर राहिलं. दारापर्यंत जाऊन ती वळली. "मला सांगून काय उपयोग? काकांना सांगा. रविवारी मला सुट्टी असते."

तेवढे दिवस भिंगवाल्यांनी दुकान उघडं ठेवलं, पण काम केलं नाही. एका जाड कागदावर त्यांनी नाण्याची सगळी माहिती लिहिली आणि खाली लिहिलं की अमुक दिवशी मी हे नाणं नकली ठरवलं, तो निकाल चूक होता, आणि ती चूक कळूनही मी अकरा वर्षं गप्प राहिलो. सही केली. नाणं आम्ल नसलेल्या कागदी लिफाफ्यात घातलं. रविवारी ती आली तेव्हा ते दारातच तयार उभे होते.

काका अजून आजोबांच्या त्याच दोन खोल्यांत राहत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा ताठ माणूस, बोटांची टोकं शिशानं कायमची करडी झालेली. दार उघडून त्यांनी पुतणीकडे पाहिलं.

"चिमणे," ते म्हणाले. लहानपणी ते तिला तसं म्हणायचे. "ये. आत ये. हे कोण?"

"यांना तुमच्याशी बोलायचंय, काका."

भिंगवाल्यांनी बसायचं नाकारलं. उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. काकांनी कानामागे हात नेला.

"मोठ्यानं बोला. भट्टीनं कान खाल्ले माझे."

"मी म्हटलं, नाणं खरं होतं!"

"काय होतं?"

"खरं! मी नकली म्हणून सांगितलं होतं! मी चुकलो!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. कुणीतरी डोकावलं. भिंगवाल्यांनी तशाच चढ्या आवाजात शेवटपर्यंत सांगितलं. अकरा वर्षांचंही सांगितलं. घामानं त्यांची कॉलर भिजली. काका ऐकत होते. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. पुतणीनं लिफाफा पुढे केला. काकांनी नाणं हातात घेतलं, सपाट बाजूंना बोट न लावता, कडांना धरून. सांगावं लागलं नाही. खिळेही ते आयुष्यभर तसेच धरत आले होते.

"आमच्या भट्टीत शिसं वितळायचं," ते म्हणाले. "शिसं. चांदीला त्याच्या तिप्पट आच लागते. मी ठरवलं असतं तरी त्या भट्टीत चांदी वितळली नसती. हे मी त्याला त्याच दिवशी सांगितलं. या इथे, दारात. त्याला वाटलं, सबब सांगतोय." त्यांनी नाणं लिफाफ्यात परत सरकवलं. "आणि मला काय वाटलं, सांगू? मला वाटलं, खरं नाणं यानंच गुपचूप विकलं असणार. आता या घरावर डोळा आहे, म्हणून हे नाटक. सव्वीस वर्षं मी त्याला चोर समजत होतो."

पुतणीनं त्यांच्याकडे पाहिलं. हे तिला नवीन होतं.

काका उठून आतल्या खोलीत गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. भिंगवाले आत जाऊ लागले, तसं तिनं हातानंच थांबवलं. "राहू द्या त्यांना."

काका बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "तुमच्या दुकानात त्या दिवशी किती माणसं होती?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"तिघांनी तीस जणांना सांगितलं. आठवड्यात माझ्या कारखान्यात पोचलं. मुकादमानं माझ्याकडून धातूच्या कोठाराच्या किल्ल्या काढून घेतल्या. तोंडावर चोर कुणी म्हटलं नाही. किल्ल्या फक्त काढून घेतल्या. पुढची अकरा वर्षं मी तिथे बिनकिल्ल्यांचा काम करत होतो." त्यांनी जाड कागद उचलून वाचला आणि परत ठेवला. "कागद छान लिहिलाय. पण तुम्ही तेव्हा तोंडानं बोलला होतात. आताही तोंडानं बोला. ज्यांना कळायला हवं, अशी दोन माणसं उरलीत."

एक तो मुकादम. दुसरी त्यांची धाकटी बहीण, पुतणीची आत्या, जी त्या दिवसापासून धाकट्या भावाच्या बाजूनं राहिली होती.

ते त्याच दुपारी निघाले. मुकादम वृद्धाश्रमात होता. काका फाटकाशी थांबले, आत यायला तयार झाले नाहीत. भिंगवाल्यांनी खाटेपाशी उभं राहून सगळं सांगितलं. मुकादमानं नीट ऐकून घेतलं, दोनदा मान डोलावली आणि मग विचारलं, "किल्ल्या? कुठल्या किल्ल्या?" त्याला काहीच आठवत नव्हतं. काका कोण, तेही नाही. भिंगवाल्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "असं होय," मुकादम म्हणाला. "मग देऊन टाका त्याच्या त्याला."

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "काय म्हणाला?"

भिंगवाले पुतणीकडे न बघता म्हणाले, "त्याला आठवत नाही."

काकांनी रस्त्याच्या कडेच्या कठड्याला हात टेकला. क्षणभर त्यांचं वय एकदम दिसलं. मग म्हणाले, "चला. ती विसरलेली नसेल."

आत्या तिसऱ्या मजल्यावर राहायची. काका फुटपाथवरच उभे राहिले. जिने चढायचं निमित्त होतं, पण कारण ते नव्हतं हे तिघांनाही ठाऊक होतं. वर आत्यानं भाचीला जवळ घेतलं, पाहुण्याला खुर्ची दिली, आणि भिंगवाल्यांनी त्या दिवशी तिसऱ्यांदा तीच गोष्ट सांगितली. एव्हाना त्यांनी तिच्यातला प्रत्येक आडोसा काढून टाकला होता. 'त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं' हे वाक्य सकाळी होतं, आता नव्हतं.

आत्यानं शेवटपर्यंत ऐकलं. "मी दादाला घरी बोलावणं बंद केलं होतं," ती म्हणाली. "माझ्या मुलीच्या लग्नातसुद्धा." मग एकदम विचारलं, "दादा कुठाय?"

"खाली उभे आहेत."

"खाली? कधीपासून?"

"आम्ही आल्यापासून."

"आणि तुम्ही मला इथे बसवून गोष्टी सांगताय!" ती उठली, चपला न घालता दार उघडून जिना उतरू लागली. सत्तरीची बाई, कठडा धरून, एकेक पायरी, भाची मागून 'आत्या, हळू' म्हणत. भिंगवाले वरच थांबले. खिडकीतून त्यांना ती फुटपाथवर पोचलेली दिसली. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. काकांच्या कानाशी तोंड नेऊन तिला मोठ्यानं ओरडावं लागत होतं, एवढं दिसत होतं. काकांनी तिच्या अनवाणी पायांकडे बघून काहीतरी म्हटलं. रागावल्यासारखं.

भिंगवाले मागच्या जिन्यानं उतरून दुकानावर गेले. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी जुन्या वह्यांतली नकली ठरवलेली सगळी नाणी पुन्हा तपासायला घेतली. ज्यांचे पत्ते होते त्यांना पत्रं लिहिली, ज्यांचे नव्हते त्यांना शोधत फिरले. बहुतेक निकाल बरोबरच होते. दोन नव्हते. त्यांतल्या एका माणसानं त्यांना दारातूनच परत पाठवलं, आणि त्यात भिंगवाल्यांना काही वावगं वाटलं नाही.

नाणं वितळलं नाही आणि विकलंही गेलं नाही. काकांनी ते ठेवून घ्यायला नकार दिला. वडिलांनी धाकट्याला दिलं होतं, धाकट्याच्या मुलीचंच ते, असं म्हणाले. ती कधीमधी दुकानात यायची, लिफाफा बदलून न्यायची. भिंगवाल्यांशी नाण्यापुरतंच बोलायची. तिनं त्यांना माफ केलं की नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

पण त्या रविवारी, फुटपाथवरून, काका तिला म्हणाले होते, "चल, तुझं घर दाखव." तिचं घर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आत्याही चपला घालून बरोबर आली. काकांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, भावाची खाट पाहिली, खिडकीतून पुलाचा तुकडा दिसत होता तो पाहिला. मग खाटेच्या कडेला बसून त्यांनी पुतणीला विचारलं, "शेवटपर्यंत रागात होता का गं?"

बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगता आलं असतं. आत्याही तिच्याकडे तशाच नजरेनं बघत होती.

"हो, काका," ती म्हणाली. "शेवटपर्यंत."

काकांनी मान डोलावली. करडी बोटं गुडघ्यांवर पसरून ते बसून राहिले.

"मीही," ते म्हणाले.